पोरगं गप झालं की बरं झालं? मुलांच्या समुपदेशनाचे यश मोजायचे कसे

'मानसिक आरोग्य' हा शब्द आता आपल्या वस्त्यांपर्यंत पोहोचला आहे. शाळेत समुपदेशक येतात, वसतिगृहात शिबिरे होतात, अभ्यासिकेत रविवारी सत्रे भरतात. वर्षाच्या शेवटी एक रंगीत अहवाल निघतो आणि त्यात लिहिलेले असते की अमुक इतक्या टक्के मुलांमध्ये सकारात्मक बदल झाला. हा आकडा कुठून आला, हे चळवळीतले आपण सहसा विचारत नाही. आम्हीही विचारले नव्हते. कारण असाच एक आकडा आम्ही स्वतः तयार केला होता.

काही वर्षांपूर्वी छत्रपती संभाजीनगरमधल्या एका वस्तीत, आमच्या अभ्यासिकेत, एका संस्थेच्या मदतीने आम्ही मुलांसाठी समुपदेशनाचा उपक्रम चालवला. जूनमध्ये ४० मुले घेतली. मारामाऱ्या करणारी, रात्री दचकून उठणारी, शाळेत जायला नको म्हणणारी. सुरुवातीला एक प्रश्नावली भरून घेतली, मार्चमध्ये तीच पुन्हा भरून घेतली. दुसऱ्या वेळी २६ मुले उरली होती. त्यातल्या २१ मुलांचे गुण सुधारलेले निघाले. २६ पैकी २१ म्हणजे सुमारे ८० टक्के. आम्ही अहवालात '८० टक्के यश' असे लिहिले, फोटो जोडले आणि टाळ्या घेतल्या.

त्या २१ मध्ये सातवीतला एक मुलगा होता. शिष्यवृत्तीची यादी करताना त्याच्या वर्गात 'एससीवाले उभे राहा' असे सांगितले जाई. मग मधल्या सुट्टीत काही मुले त्याला 'फुकटवाला' म्हणून चिडवत आणि हा त्यांच्या अंगावर धावून जाई. आमच्या सत्रांत तो दीर्घ श्वास घ्यायला शिकला, राग आला की दहा आकडे मोजायला शिकला. वर्गशिक्षकांनी भरलेल्या कागदावर सर्वांत जास्त सुधारणा त्याची दिसली. अहवालात त्याची गोष्ट नाव बदलून 'यशोगाथा' म्हणून छापली गेली. पुढे एकदा त्याची आजी रस्त्यात भेटली. म्हणाली, "पोरगं गप झालंय दादा, बरं नाही झालं. घरी पण बोलत नाही आता."

त्या एका वाक्याने आमच्या ८० टक्क्यांची हवा काढून घेतली.

दोन सोपी उत्तरे, दोन्ही चुकीची

या विषयावर बोलायला लागलो की आपल्यात दोन उत्तरे ऐकू येतात. पहिले उत्तर असे, की हे सगळे सवर्णांचे, पैसेवाल्यांचे चोचले आहेत. आपल्या मुलांना समुपदेशन नको, न्याय हवा. दुसरे उत्तर एनजीओवाल्यांचे. काहीही नसण्यापेक्षा काहीतरी बरे, शास्त्र कशाला शोधत बसता, मुले हसतात ना, मग झाले.

पहिल्या उत्तरात तथ्य आहे, पण ते अपुरे आहे. जातीअंत होईपर्यंत अकरा वर्षांच्या मुलीने रोज रात्री दचकून उठत राहावे काय? आणि दुसरे उत्तर तर धोकादायक आहे. तापावर कुणी बिनतपासलेली गोळी दिली तर आपण भांडतो. मग मनावरचा उपाय मात्र विश्वासावर का घ्यायचा? बुद्धांनी कालामांना हेच सांगितले होते. परंपरेने आले म्हणून, ग्रंथात आहे म्हणून किंवा सांगणारा मोठा आहे म्हणून काही स्वीकारू नका, स्वतः पडताळा. बाबासाहेबही १९२८ साली सायमन कमिशनपुढे अस्पृश्यांच्या शिक्षणाची स्थिती मांडायला गेले ते आकडे घेऊनच. पुरावा मागणे ही आपली परंपरा आहे. ती समुपदेशनाच्या दारात चपलांसारखी काढून ठेवण्याचे कारण नाही.

म्हणून आमचे म्हणणे असे आहे. मुलांसाठीचा कोणताही उपक्रम आपल्या वस्तीत आला की त्याला चार प्रश्न विचारा. ते विचारायला मानसशास्त्राची पदवी लागत नाही.

पहिला प्रश्न : तुलना कोणाशी केली?

आमची ४० मुले आम्ही केव्हा निवडली? जूनमध्ये, शाळा सुरू होताना, जेव्हा ती सर्वांत बिथरलेली होती. ताप सर्वांत जास्त असताना डॉक्टरकडे गेलेला माणूस दोन दिवसांनी बरा दिसतोच, गोळी खाल्ली तरी आणि नाही खाल्ली तरी. मूल वाढत असते, नवीन वर्गात रुळते, घरातले भांडण मिटते. आधी आणि नंतर एवढेच मोजले, तर हे सगळे श्रेय आपल्या खात्यात जमा होते.

हा प्रश्न जुना आहे. युजीन लेविट या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने १९५७ साली तोवर प्रसिद्ध झालेले बालमानसोपचाराचे अहवाल एकत्र केले. उपचार घेतलेली सुमारे दोन तृतीयांश मुले सुधारलेली होती. पण उपचार न घेतलेल्या मुलांतही सुधारणेचे प्रमाण जवळपास तेवढेच, किंबहुना थोडे जास्तच होते. एवढी वर्षे उपचार करणाऱ्यांना मोठा धक्का बसला आणि त्यातूनच पुढे चांगल्या पद्धतीने अभ्यास होऊ लागले.

चांगली पद्धत म्हणजे काय? मुलांचे दोन गट करायचे, एकाला उपचार द्यायचा, दुसऱ्याला नाही किंवा नंतर द्यायचा. पण कोण कोणत्या गटात जाणार हे ताई-दादांनी ठरवायचे नाही, पालकांनीही नाही. चिठ्ठ्या टाकायच्या. आम्ही निवडली असती तर बोलकी, येणारी-जाणारी, आईवडील सहकार्य करणारी मुले आपोआप उपचाराच्या गटात गेली असती. चिठ्ठीला वशिला कळत नाही.

यावर लगेच आक्षेप येतो, की अर्ध्या मुलांना मुद्दाम वंचित ठेवायचे हा अन्याय नाही का? जागा सर्वांना पुरत असतील तर नक्कीच अन्याय आहे. पण आपल्याकडे जागा कधी पुरतात? ठाणे, पुणे, नागपूर आणि रत्नागिरी ही राज्यातली जुनी चार प्रादेशिक मनोरुग्णालये. त्यात मराठवाड्याचे नाव नाही. समुपदेशक एक आणि गरजू मुले ८० असतील, तर निम्मी मुले तशीही थांबणारच आहेत. ती कोणी थांबायचे हे ओळखीने ठरण्यापेक्षा चिठ्ठीने ठरणे जास्त न्याय्य आहे. थांबलेल्या गटाला पुढच्या सहामाहीत तोच उपचार द्यायचा. तातडीची गरज असलेल्या मुलाला चिठ्ठीत घालायचेच नाही, त्याला थेट डॉक्टरकडे न्यायचे.

या पद्धतीची ताकद आपल्याच प्रश्नावर दिसली आहे. कार्ला हॉफ आणि प्रियांका पांडे या दोन संशोधकांनी उत्तर प्रदेशातल्या खेड्यांत शाळकरी मुलांना कागदावरचे चक्रव्यूह सोडवायला दिले. जात जाहीर केली नाही तेव्हा दलित मुले आणि सवर्ण मुले यांच्या कामगिरीत म्हणण्यासारखा फरक नव्हता. सर्वांसमोर प्रत्येकाची जात उच्चारली, तेव्हा दलित मुलांची कामगिरी स्पष्टपणे घसरली. मुले तशीच, कागद तसेच, बदलले ते फक्त जातीचे जाहीर उच्चारण. आता आमच्या सातवीतल्या मुलाच्या वर्गात यादीसाठी उभे करण्याचा प्रकार आठवा. त्या वर्गात हाच प्रयोग दरवर्षी होत होता, फक्त निकाल कुणी लिहून ठेवत नव्हते.

दुसरा प्रश्न : गळालेली मुले कुठे गेली?

लेविटच्या अभ्यासात उपचार न घेतलेली मुले म्हणजे कोण होती? ज्यांना उपचारासाठी स्वीकारले गेले होते पण जी आलीच नाहीत अशी मुले. टीकाकारांनी बरोबर बोट ठेवले, की न येणारे मूल आणि येणारे मूल सारखे असते हे कशावरून?

आपल्याकडे हा प्रश्न पुस्तकी नाही. आमच्या ४० मधली १४ मुले गळाली. काहींचे आईवडील दसरा-दिवाळीच्या सुमारास कोयता घेऊन ऊसतोडीला गेले आणि मुलांना सोबत घेऊन गेले. काहींच्या घरच्यांचे बांधकामाचे काम संपले आणि ते दुसऱ्या शहरात गेले. एक मुलगा हॉटेलात कामाला लागला. एका मुलीला धाकट्या भावंडांना सांभाळायला घरी बसवले. म्हणजे ज्यांचे दुःख सर्वांत मोठे, तीच मुले आमच्या कागदावरून पुसली गेली. मार्चमध्ये राहिलेल्यांची घरे त्या मानाने स्थिर होती आणि टक्केवारी आम्ही त्यांच्यावरून काढली.

संशोधनात यासाठी एक साधा नियम आहे. सुरुवातीला जेवढी मुले घेतली, शेवटचा हिशेब तेवढ्यांचाच द्यायचा. या हिशेबाने आमचे यश ४० पैकी २१, म्हणजे निम्म्याहून किंचित जास्त. हा आकडाही पूर्ण खरा नाही, कारण गेलेल्या मुलांचे काय झाले हे आम्हाला ठाऊकच नव्हते. पण तो ८० टक्क्यांपेक्षा प्रामाणिक आहे.

मराठवाड्यात कुणी ऑक्टोबरमध्ये अभ्यास सुरू करून मार्चमध्ये संपवत असेल, तर त्याने ऊसतोड कामगारांची मुले आधीच वगळली आहेत असे समजा. पाठपुरावा करायचा तर तो फडावर जाऊन करावा लागेल, किमान फोनवर. ते जमत नसेल तर अहवालात 'मुले' असे सरसकट लिहू नका. 'गावात राहू शकलेली मुले' असे लिहा.

तिसरा प्रश्न : 'बरे झाले' असे कोण म्हणाले?

मुलांच्या अभ्यासात जगभर वापरली जाणारी एक प्रश्नावली आहे, एसडीक्यू. ब्रिटिश मनोविकारतज्ज्ञ रॉबर्ट गुडमन यांनी ती १९९७ साली मांडली. त्यात २५ विधाने आहेत. ती उपयोगी आहे आणि आम्ही वापरलेला कागद तिच्याच धर्तीचा होता. पण ती आंबेडकरी डोळ्यांनी वाचून पाहा. मूल आज्ञाधारक आहे का, मोठ्यांनी सांगितलेले ऐकते का, याचे गुण वर्तनाच्या भागात धरले जातात. आणि इतर मुले या मुलाला त्रास देतात का, दादागिरी करतात का, याचे गुणही त्याच मुलाच्या अडचणींत मोजले जातात!

म्हणजे वर्गात उभे करणारी व्यवस्था हिशेबात कुठेच नाही. मार खाणाऱ्याच्या खात्यात अडचण वाढते आणि तो गप बसायला शिकला की वर्तन सुधारते. ही प्रश्नावली कुणी वाईट हेतूने बनवली असे आम्ही म्हणत नाही. ज्या समाजात ती बनली त्या समाजात वर्गातली जात हा प्रश्न नव्हता. आपल्या समाजात आहे. त्यामुळे ती आहे तशी वापरणाऱ्याने तिच्यातली ही फट ओळखलीच पाहिजे.

साताऱ्याच्या शाळेत गोणपाट अंथरून वेगळे बसणारा भीमराव आठवा. शिपायाने नळ सोडल्याशिवाय त्याला पाणी मिळत नसे. त्या मुलाला कुणी समुपदेशन दिले असते आणि 'चिडचिड कमी झाली का' एवढेच मोजले असते, तर यशस्वी उपचार कोणता ठरला असता? तहान सोसायला शिकवणारा. असा उपचार शंभर टक्के परिणामकारक ठरला असता, आणि तो आपल्या कोणत्या उपयोगाचा असता?

मग मोजायचे काय? मुलालाच विचारायचे. मूळ गोव्यातल्या 'संगत' या संस्थेच्या संशोधकांनी दिल्लीतल्या सरकारी शाळांत 'प्राईड' नावाचा अभ्यास केला. तो २०२० साली प्रसिद्ध झाला. सुमारे २५० किशोरवयीन मुलामुलींचे चिठ्ठी पद्धतीने दोन गट केले. एका गटाला तज्ज्ञ नसलेल्या पण प्रशिक्षण घेतलेल्या समुपदेशकांनी अडचण सोडवण्याची पद्धत शिकवली आणि सोबत पुस्तिका दिल्या. दुसऱ्या गटाला नुसत्या पुस्तिका दिल्या. मोजमापे दोन ठेवली. एक एसडीक्यू. दुसऱ्यात मुलाने स्वतःच आपल्या मुख्य अडचणी सांगायच्या आणि त्या किती त्रास देतात याला शून्य ते दहा गुण द्यायचे.

सहा आठवड्यांनी निकाल काय लागला? मुलांनी स्वतः सांगितलेल्या अडचणींत फरक पडला होता, एसडीक्यूवर पडला नव्हता. पुढे वर्षभराच्या पाठपुराव्यात दोन्ही मोजमापांवर थोडा पण टिकणारा फरक दिसला. यातून शिकण्यासारखे दोन आहे. मोजपट्टी बदलली की उत्तर बदलते. आणि कोणती मोजपट्टी वापरणार हे आधीच जाहीर करावे लागते, नाहीतर जिच्यावर यश दिसेल तीच अहवालात दाखवली जाते.

मुलाचे स्वतःचे म्हणणे हे काही अंतिम सत्य नाही. मूल आवडत्या ताईला खूश करण्यासाठीही 'आता बरे वाटते' असे सांगते. म्हणून सत्र घेणाऱ्याने कागद भरून घेऊ नये, ज्याला गट माहीत नाही अशा तिसऱ्याने भरून घ्यावा. आमच्याकडे सत्रे घेणारे आम्ही आणि कागद गोळा करणारेही आम्हीच होतो. अमेरिकेत टॉमस आकेनबाख आणि सहकाऱ्यांनी १९८७ साली ११९ अभ्यास एकत्र करून दाखवले, की एकाच मुलाबद्दल आईवडील, शिक्षक आणि मूल स्वतः काय सांगतात याचा मेळ फार कमी बसतो. तिघांनाही विचारा. उत्तरे जुळली नाहीत तर सरासरी काढून मोकळे होऊ नका, का जुळली नाहीत ते शोधा. आमच्या मुलाबाबत शिक्षकांचा कागद एक सांगत होता आणि आजी दुसरे. आमच्या अभ्यासात आजीसाठी रकानाच नव्हता.

चौथा प्रश्न : उपचार कोणावर, मुलावर की वर्गावर?

जॉन वाईझ आणि सहकाऱ्यांनी २०१७ साली पन्नास वर्षांतले ४४७ अभ्यास तपासले. त्यात ३० हजारांहून जास्त मुले होती. निष्कर्ष असा, की उपचार घेतलेले मूल न घेतलेल्या मुलापेक्षा बरे असण्याची शक्यता ६३ टक्के. नाणेफेकीत ५० असते हे लक्षात घेतले तर उपचाराचा उपयोग होतो, पण चमत्कार होत नाही. परिणाम चिंता-भीतीवर सर्वांत जास्त, नैराश्यावर कमी. आणि एकाच वेळी अनेक समस्यांवर केलेल्या उपचारांचा परिणाम खात्रीने दिसलाच नाही. आपल्या वस्तीतल्या मुलाला एकच समस्या घेऊन यायची चैन कुठे असते?

इथे बिहारमधला 'सेहर' हा अभ्यास महत्त्वाचा ठरतो. तो नालंदा जिल्ह्यातल्या ७४ सरकारी माध्यमिक शाळांत झाला आणि २०१८ साली 'लॅन्सेट'मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात चिठ्ठ्या मुलांच्या नव्हे, शाळांच्या टाकल्या. काही शाळांत बाहेरून नेमलेल्या, तज्ज्ञ नसलेल्या समुपदेशकांनी काम केले, काही शाळांत तेच काम शिक्षकांना दिले, काही शाळा तुलनेसाठी ठेवल्या. मोजले ते प्रामुख्याने शाळेचे वातावरण. समुपदेशकांच्या शाळांत वातावरण सुधारले, दादागिरी आणि हिंसा कमी झाली, नैराश्याची लक्षणेही कमी झाली. शिक्षकांकडे दिलेल्या शाळांत असा परिणाम दिसला नाही.

म्हणजे शाळा बदलता येते आणि ती बदलली हे मोजताही येते. मग आपण आमच्या त्या मुलाला श्वास घ्यायला शिकवत का बसलो? शिष्यवृत्तीची यादी वर्गात उभे न करता कार्यालयात करा, एवढी एक गोष्ट दहा शाळांत आधी आणि दहा शाळांत नंतर राबवली असती, आणि मुलांची हजेरी, भांडणे आणि त्यांनी स्वतः सांगितलेला त्रास मोजला असता, तर तो खरा आंबेडकरी अभ्यास झाला असता.

आता करायचे काय?

मोठा अभ्यास करायला पैसा लागतो, हे खरे आहे. पण छोट्या अभ्यासिकेलाही प्रामाणिक राहता येते. तीनच मुले असली तरी चालते. सत्रे सुरू करण्याआधी प्रत्येकाचा त्रास काही आठवडे नियमित नोंदवा. मग तिघांची सत्रे वेगवेगळ्या आठवड्यांत सुरू करा आणि नोंद चालू ठेवा. प्रत्येक मुलात बदल त्याची सत्रे सुरू झाल्यावरच दिसला, तर तो सत्रांमुळे आहे असे म्हणायला आधार मिळतो. तिघांत एकाच वेळी दिसला तर कारण दुसरेच असेल, कदाचित परीक्षा संपली असेल. यासाठी वही, पेन आणि शिस्त एवढेच लागते.

संमतीचाही प्रश्न आहे. आयसीएमआरच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार पालकांच्या संमतीबरोबर सात वर्षांवरील मुलाचा स्वतःचा होकार घ्यावा लागतो, आणि १२ वर्षांपुढे तो लेखी लागतो. वसतिगृहातल्या मुलांच्या बाबतीत गृहपालाची सही म्हणजे मुलाचा होकार नव्हे. ज्याच्या हातात जेवणाचे ताट आहे त्याच्यासमोर मूल नाही म्हणू शकत नाही. हे आपल्याला कुणी शिकवायची गरज नाही.

आणि शासनाला, विद्यापीठाला जाब विचारायचा आहे. २०१५-१६ चे राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षण १२ राज्यांत झाले. त्यात १३ ते १७ वयोगटातल्या ७.३ टक्के मुलांत मानसिक आजार आढळले. त्या १२ राज्यांत महाराष्ट्र नव्हता. २०१७ चा मानसिक आरोग्य सेवा कायदा उपचारात जातीवरून भेदभाव करण्यास मनाई करतो. पण उपचाराचा परिणाम जातनिहाय मोजलाच नाही तर भेदभाव दिसणार कसा? बार्टीच्या अधिछात्रवृत्तीवर संशोधन करणाऱ्या आणि बाबासाहेबांच्या नावाच्या आपल्या मराठवाडा विद्यापीठात समाजशास्त्र, मानसशास्त्र, समाजकार्य शिकणाऱ्या मित्र-मैत्रिणींनो, हे विषय तुमचे आहेत. दुसऱ्या कुणी येऊन आपल्या मुलांचे दुःख आपल्या वतीने मोजावे याची वाट पाहू नका. आकडेवारीचा पेपर अवघड म्हणून टाळू नका.

आम्ही आमच्या त्या जुन्या अहवालाची दुरुस्ती संस्थेला लिहून पाठवली. ४० पैकी २१, गळालेल्या १४ मुलांची कारणे, आणि त्या मुलाबद्दल 'यशोगाथा मागे घेत आहोत' असे एक वाक्य. उत्तर आले नाही. पुढच्या वर्षीचा निधीही आला नाही. अभ्यासिका मात्र चालू आहे आणि आता प्रश्नावलीत आजीसाठी एक रकाना आहे. शाळेशी यादीबद्दल बोलणे सुरू केले आहे. त्या मुलालाही विचारले, त्याची मोठी अडचण कोणती. त्याने एकच सांगितली, वर्गात उभे राहणे. गुण दिले दहापैकी दहा.

यादीची पद्धत बदलल्यावर आम्ही त्याला पुन्हा विचारणार आहोत. आकडा खाली आला तरच सुधारणा झाली असे लिहू.

जयभीम!